आकाशातून बडोदे: हवाई छायाचित्रांचा नकाशा वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यांच्या रेघांऐवजी वरून काढलेला फोटो दाखवणारा नकाशा आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. गुगल मॅप्सचा सॅटेलाइट लेयर, गुगल अर्थ आणि इस्रोचं ‘भुवन’ ही त्यातली नेहमीची नावं. बडोद्यातली आपली मंडळी त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. फक्त फोटोच्या तारखेचा प्रश्न वगळू नका, पुढची निम्मी उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

हे चित्र लाइव्ह असतं का? गाडी दारात आहे की मुलगा घेऊन गेला, ते कळेल का?

नाही कळणार. सिनेमात दाखवतात तसा उपग्रह आपल्या पोळीवर, म्हणजे जुन्या शहरातल्या आपल्या गल्लीवर, थांबून बघत नसतो. पाच-सहाशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने तो निघून जातो आणि जाता जाता फोटो काढतो. तुमच्यासमोर येणारा फोटो काही महिन्यांपूर्वीचा, कधी कधी दोन-तीन वर्षांपूर्वीचाही असतो. दारात गाडी दिसलीच, तर त्या दिवशी ती तिथे होती, एवढंच म्हणता येतं.

मग फोटो कधीचा आहे, हे कसं ओळखायचं?

गुगल मॅप्सवर ते ओळखता येत नाही. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक वर्ष छापलेलं असतं आणि बरेच जण तेच फोटोचं वर्ष धरून चालतात. ते कॉपीराइटचं वर्ष आहे. नवं वर्ष लागलं की तो आकडा बदलतो, फोटो जुनाच राहतो.

तारीख हवी असेल तर संगणकावर गुगल अर्थ प्रो घ्या. २०१५ पासून ते फुकट आहे. त्यात खालच्या पट्टीत फोटोची तारीख दिसते, पण पुरेसं जवळ गेल्यावरच तिच्यावर विश्वास ठेवा. सगळं बडोदे एकदम दिसत असताना स्क्रीनवर वेगवेगळ्या दिवशीचे अनेक तुकडे जोडलेले असतात, आणि तारीख त्यातल्या एखाद्याच तुकड्याची असते.

तारीख मिळाली नाही तर फोटोच वाचायचा. भायली-शेरखीकडची शेतं हिरवी आहेत की तपकिरी? विश्वामित्रीचं पात्र भरलेलं आहे की मधे गाळ उघडा पडलाय? गरब्याच्या मोठ्या मैदानांवर मंडप आणि कमानी दिसल्या तर नवरात्र नक्की. ज्या कामाची तारीख आपल्याला घरबसल्या माहीत आहे, उदाहरणार्थ एखादा फ्लायओव्हर किंवा बुलेट ट्रेनचे खांब, ते फोटोत कुठवर आलंय ते पाहा. पाच मिनिटांत निदान वर्ष तरी हाती लागतं.

शेजारची नवी बिल्डिंग दिसते आणि आमची अजून मोकळा प्लॉटच! असं कसं?

दोन्ही वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंत आहेत. मधली सांधेरेघ शोधा. रस्त्याचा रंग एकाएकी बदलतो, झाडांची सावली एका बाजूला लांब आणि दुसरीकडे आखूड होते, कधी अर्धा ट्रकच गायब असतो. सांधा सापडला की कोडं सुटतं.

दांडिया बाजारातला आमचा वाडा पाडून तिथे आता कॉम्प्लेक्स आहे. जुना वाडा वरून पाहायला मिळेल का?

मिळू शकेल, वाडा कधी पाडला त्यावर अवलंबून आहे. गुगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या खुणेवर क्लिक केलं की वर काळाची पट्टी उघडते आणि ती मागे सरकवत जाता येतं. वेब आणि मोबाइलवरच्या गुगल अर्थमध्येही २०२४ पासून जुनी चित्रं दिसतात. घर ओळखू येईल इतकी स्पष्ट चित्रं मात्र साधारण या शतकातलीच. त्याआधीचं जे दिसतं, ते लँडसॅट उपग्रहाचं असतं आणि त्यात एक ठिपका म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटर. चौक, माजघर, परसू सगळं धरूनही अख्खा वाडा एखाद-दुसऱ्या ठिपक्यात संपतो. १९८४ पासूनचा टाइमलॅप्स त्या दर्जाचा आहे. तो वाड्यासाठी नाही, शहर कसं पसरलं ते बघण्यासाठी चालवा. गोत्री, वासणा आणि वाघोडिया रोडच्या बाजूला शेतं हळूहळू करडी होत जातात. आजवा तलावाचं पाणी वर्षागणिक कमी-जास्त होताना दिसतं ते वेगळंच.

घरं शोधताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. जुने फोटो कधी कधी पाच-दहा मीटर सरकलेले असतात. आजच्या फोटोवर लावलेली पिन जुन्या फोटोत शेजाऱ्यांच्या कौलांवर दिसेल. अशा वेळी पिनेपेक्षा कोपरा, वळण, विहीर, देवळाचं शिखर यांच्यावर भरवसा ठेवा. दुसरं, जुन्या वाड्याची वरून ओळख म्हणजे मधला चौक, छपरांमध्ये पडलेलं एक काळं चौकोनी भोक. आसपासच्या पत्र्यांत आणि धाब्यांत (सपाट गच्च्यांत) तेवढं एक भोक दिसलं की आजोबांना स्क्रीनपुढे बसवायला हरकत नाही.

शोधताना नेमकं काय टाइप करायचं?

एका नावाने सापडलं नाही तर दुसरं टाका. घरी आपण कमाटीबाग म्हणतो, नकाशावर सयाजीबाग असतं. आजवा म्हणतो, तिथे सयाजी सरोवर निघू शकतं. सोसायटीच्या नावाने तर शोधूच नका. त्याच नावाची एक सोसायटी कारेलीबागेत असते आणि दुसरी मांजलपुरात. आधी जवळची मोठी खूण शोधा, मग हाताने सरकत घरापर्यंत या.

पुण्याच्या नातेवाइकांना नेमकी जागा कशी पाठवू?

मोबाइलवर जागेवर बोट दाबून धरा, लाल पिन पडते, मग ‘शेअर’. संगणकावर राइट-क्लिक केलं की सगळ्यात वर अक्षांश-रेखांश येतात आणि त्यांच्यावर क्लिक केलं की कॉपी होतात.

आकडे हाताने लिहून देणार असाल तर सांभाळून. बडोदे साधारण २२.३ अक्षांश, ७३.२ रेखांशावर आहे. आधी अक्षांश, मग रेखांश. उलटं लिहिलंत तर पाहुणे नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पोचतील. दुसरी गफलत अंश-मिनिटांची. २२.३० म्हणजे २२ अंश ३० मिनिटं नव्हे, १८ मिनिटं. हा घोळ झाला की ठिकाण २२ किलोमीटर उत्तरेला सरकतं. दशांश चिन्हापुढे पाच आकडे लिहिले की साधारण एक मीटरपर्यंतची जागा सांगून होते. त्यापुढचे आकडे लिहून काही फायदा नाही.

प्लॉट किंवा धाबं मोजता येतं का? किती बरोबर येतं?

येतं. गुगल अर्थ प्रोमध्ये मोजपट्टीची खूण, त्यात ‘पॉलिगॉन’, मग कोपऱ्या-कोपऱ्यावर क्लिक. एकक चौरस फूट किंवा चौरस मीटर निवडा. गुंठ्यात हवं असेल तर चौरस फुटांना १०८९ ने भागा. विघ्याच्या भानगडीत पडू नका. गुजरातेत विघा जागेजागी वेगळा आहे आणि विकणारा नेहमी त्याच्या सोयीचाच विघा सांगतो.

जितकं जवळून क्लिक कराल तितकं बरं. बडोद्याच्या अक्षांशावर झूमच्या १८व्या पातळीला स्क्रीनवरचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण अर्धा मीटर. प्रत्येक कोपरा एक-दोन ठिपके इकडे-तिकडे झाला तर मोठ्या शेताच्या मापात फारसं बिघडत नाही. पण तीस बाय चाळीस फुटांच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे छोट्या घरात, शे-दीडशे चौरस फूट सहज इकडचे तिकडे होतात. अंदाजाला माप ठीक आहे, त्यावर पैसे मोजू नका.

उंच इमारत असेल तर आणखी एक गंमत आहे. उपग्रह दर वेळी डोक्यावरूनच फोटो काढतो असं नाही, बऱ्याचदा तिरका बघतो. मग इमारत एका बाजूला कललेली दिसते आणि तिची एक भिंतही फोटोत येते. अलकापुरीतल्या उंच इमारती बघा, सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या दिसतील. धाब्याचं क्षेत्रफळ काढायचं तर धाब्याच्याच कडा घ्या. इमारत प्लॉटमध्ये कुठे बसलीय ते बघायचं असेल तर जमिनीला टेकलेल्या कडा घ्या. एक कोपरा वरचा आणि एक खालचा घेतला की माप कुठल्या कुठे जातं.

कंपाउंडच्या भांडणात हा फोटो चालेल का?

हद्द ठरवायला नाही. हद्द ठरते ती सात-बारा, प्रॉपर्टी कार्ड, टीपी (नगररचना) स्कीममधला फायनल प्लॉट आणि भूमापन खात्याची मोजणी यांवरून. फोटोवर हद्दीची पिवळी रेघ कंपाउंडच्या आत आली म्हणून शेजाऱ्याला नोटीस पाठवणारे आहेत. ती रेघ एखाद्या फोटोवर कुणीतरी बसवलेली असते आणि फोटोच दोन-चार मीटर सरकलेला असू शकतो. ‘अमुक साली इथे बांधकाम नव्हतं’ एवढं दाखवायला तारखेसकट जुना फोटो उपयोगी पडू शकतो. तो कसा द्यायचा ते वकिलांना विचारा.

धाब्यावर सोलर बसवायचं आहे. नकाशावरून काय काय कळेल?

बरंच. ढोबळ हिशेब असा की १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावलीविना जागा लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे हा प्रश्न हल्ली रोजचा झाला आहे. आधी धाबं मोजा, मग टाकी, जिन्याची खोली आणि कपडे वाळवायची जागा वजा करा. हे शेवटचं सोलरवाले वजा करत नाहीत, घरातल्या बायकांना मात्र करावं लागतं.

खरं काम सावलीचं आहे. बडोदे कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो आणि सावली पायाशी गोळा होते. २२ डिसेंबरच्या आसपास तोच सूर्य दुपारी दक्षिणेला ४४ अंशांवरच पोचतो. म्हणजे दहा फुटी टाकीची सावली भर दुपारीही दहा फूट उत्तरेला पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. तेव्हा काळाच्या पट्टीवर डिसेंबर-जानेवारीचा फोटो शोधा. शेजारच्या चारमजलीची सावली त्यात तुमच्या धाब्यावर कुठवर येते, ते फोटोतच दिसेल. मे महिन्याचा फोटो बघून खूश झालेल्यांना थंडीत बिल आल्यावर कळतं.

याच युक्तीने उंचीचाही अंदाज काढता येतो. आपल्या घराची उंची माहीत असते. त्याच फोटोत आपल्या घराची आणि समोरच्या टॉवरची सावली मोजा, त्रैराशिक मांडा. जमीन सपाट हवी, आणि बडोद्यात ती बहुतेक तशीच आहे.

पावागडचा डोंगर खड्ड्यासारखा का दिसतो?

हा भास आहे आणि अनेकांना होतो. उजेड वरून येतो असं आपले डोळे धरून चालतात. स्क्रीनवर ‘वर’ म्हणजे उत्तर. आपल्याकडे बहुतेक फोटो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराचे असतात, तेव्हा सूर्य आग्नेयेला, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या उजव्या बाजूला असतो. डोंगराची सावली वरच्या डाव्या बाजूला पडते आणि मेंदू त्याला खड्डा समजतो. नकाशा फिरवून दक्षिण वर आणा. संगणकावर गुगल अर्थमध्ये शिफ्ट दाबून माउस ओढा, मोबाइलवर दोन बोटांनी गोल फिरवा. कड्याच्या पायऱ्या, माची आणि वरचं पठार एकदम उठून दिसतात. चांपानेरच्या तटबंदीची रेघही मग नीट सापडते. परत उत्तर वर आणायला होकायंत्राच्या खुणेला हात लावा.

आमची सोसायटी किती उंचीवर आहे ते गुगल अर्थ सांगतं. मग पुराचं पाणी येईल का, तेही कळेल ना?

नाही. २०१९ आणि २०२४ च्या पुरांनंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कर्सर नेला की उंचीचा जो आकडा दिसतो, तो तिथे जाऊन कुणी मोजलेला नसतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने रडारने अकरा दिवस पृथ्वीची उंची मोजली, अशा प्रकारच्या पाहण्यांतून हे आकडे येतात. त्यात ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते, ती काही मीटरने चुकू शकते, आणि रडारला झाडांचे शेंडे व छपरंसुद्धा ‘जमीन’ वाटतात. दाट वस्ती खऱ्यापेक्षा उंच दिसते.

पुराचा प्रश्न फुटांचा असतो. काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्रीची पातळी फुटांत मोजतात. २०२४ च्या ऑगस्टअखेर ती २५ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून ३५ फुटांच्या पलीकडे गेली होती. ओटल्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी की घरात, हा फरक दीड फुटाचा. तो सांगणं या आकड्यांच्या आवाक्यात नाही. शिवाय नदीपट्टीवरचे फूट आणि समुद्रसपाटीपासूनचे मीटर, दोन्हींचं शून्य वेगळं.

तरीही नकाशा उपयोगी पडतो, पण उंचीसाठी नव्हे. नदीची वळणं बघा, जुने सोडलेले पाट बघा. २००५-०६ च्या फोटोत जिथे तळं किंवा ओढा होता आणि आज तिथे प्लॉट पाडलेत, ती जागा हेरा. समा, अकोटा, वडसर या भागांत असं बघत फिरा. घर घ्यायच्या आधी बिल्डरच्या ब्रोशरपेक्षा हे वीस मिनिटं बघणं जास्त कामाचं. आणि २०२४ ला पाणी कुठवर आलं होतं, ते तिथल्या पानवाल्याला विचारा.

पुराच्या दिवसाचा फोटो का मिळत नाही?

ढगांमुळे. साधा कॅमेरा ढगापलीकडे बघू शकत नाही, म्हणून पावसाळ्यातली चित्रं कमी. रडारचा उपग्रह ढगातूनही बघतो. युरोपचा सेंटिनेल-१ तसा आहे आणि त्याची चित्रं ‘कोपर्निकस ब्राउझर’वर फुकट मिळतात. चित्र काळं-पांढरं येतं, शांत पाणी त्यात काळं दिसतं. घरांच्या गल्ल्यांतलं पाणी नीट कळत नाही, मोकळ्या शेतांतलं स्पष्ट कळतं. त्याच ठिकाणी सेंटिनेल-२ ची रंगीत चित्रंही आहेत, १० मीटरच्या ठिपक्याची, पण दर पाच दिवसांनी नवी आणि तारखेसकट. आजव्यात यंदा पाणी किती, हे बघायला तीच बरी.

विश्वामित्रीतल्या मगरी दिसतात का?

मुलं हे हमखास विचारतात. मोठी मगर तीन-चार मीटरची. उत्तम उपग्रहचित्रात एक ठिपका ३० सेंटिमीटरचा, म्हणजे मगर लांबीला दहा-बारा ठिपके आणि रुंदीला दोन. मातकट काठावर मातकट दहा ठिपके दिसले तर मगरही असेल, ओंडकाही असेल. थंडीत कमाटीबागेजवळच्या पुलावर उभं राहून बघा, तिथे खात्री होते.

गायकवाडी काळातला जुना नकाशा स्कॅन करून ठेवलाय. तो या फोटोवर बसवता येईल का?

येईल, आणि या सगळ्या उद्योगात याच्याइतकं रंगणारं दुसरं काही नाही. गुगल अर्थ प्रोमध्ये ‘ॲड’ मधून ‘इमेज ओव्हरले’ घ्या, स्कॅन निवडा, पारदर्शकतेची पट्टी मध्यावर ठेवा आणि हिरव्या कडा ओढत जुळवा.

जुळवायच्या खुणा अशा निवडा की ज्या जागच्या हललेल्या नाहीत. जुन्या शहरासाठी मांडवी सगळ्यात उत्तम. तिथून निघणारे चार रस्ते वरून ठसठशीत फुलीसारखे दिसतात आणि टोकाला चार दरवाजे: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. ही पाच ठिकाणं बसली की आतल्या पोळी आपोआप जवळपास येतात. बाहेरच्या भागासाठी १८९० चा लक्ष्मीविलास राजवाडा आणि न्यायमंदिर घ्या. नदीचा काठ, तळ्याची कड, रस्त्याची रुंदी यांना धरून जुळवू नका, त्या बदलतात.

सगळीकडे सारखं बसणार नाही. कागद वर्षानुवर्षं घडीत राहून ताणलेला-आकसलेला असतो आणि स्कॅनर त्यात भर घालतो. मांडवी जुळवली की रावपुरा हटतो. अशा वेळी नकाशाचे दोन-तीन तुकडे कापून वेगवेगळे बसवा. झाल्यावर ‘सेव्ह’ करून ती फाइल घरातल्यांना पाठवा. चित्र सोबत जावं म्हणून केएमझेड प्रकारात ठेवा, केएमएलमध्ये चित्र मागेच राहतं.

रस्त्यावरून चालल्यासारखं दिसतं, ते बडोद्यात आहे का?

आहे. २०२२ च्या जुलैत भारतात स्ट्रीट व्ह्यू दहा शहरांत सुरू झालं, त्या पहिल्या यादीतच बडोदे होतं. नकाशाच्या कोपऱ्यातला पिवळा माणूस उचलून निळ्या रेघेवर सोडा. अरुंद पोळींत गाडी शिरलेली नसते, तिथे निळी रेघ नसते.

आमचं घर जगाला दिसतं, हे आवडत नाही. काही करता येईल?

स्ट्रीट व्ह्यूमध्ये चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपोआप धूसर केलेले असतात. पूर्ण घर धूसर करायची विनंती त्याच चित्रातल्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’मधून करता येते. ते एकदा केलं की परत स्पष्ट होत नाही, म्हणून घरात सगळ्यांना विचारून करा. उपग्रहाच्या चित्रात माणूस ओळखू येत नाही.

त्यापेक्षा स्वतःच ड्रोन उडवून फोटो काढला तर?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आधी ‘डिजिटल स्काय’वर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे ते बघा. बडोद्यात हरणीला विमानतळ आहे, हवाई दलाचा तळही आहे, तेव्हा शहराचा बराच भाग मोकळा नाही. उत्तरायणात तर नियम नसते तरी उडवू नका, मांजा ड्रोन ओळखत नाही.

गावाला नेट नसतं. आधी डाउनलोड करून ठेवता येतं का?

गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा फक्त रेघांचा असतो, त्यात सॅटेलाइट फोटो येत नाही. शेत किंवा देवस्थान फोटोवरच दाखवायचं असेल तर निघण्यापूर्वी दोन-तीन झूमवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. साधा उपाय आहे, पण चालतो.

आमच्या पोळीचं नाव नकाशात चुकीचं आहे. दुरुस्त कसं करायचं?

गुगल मॅप्समध्ये त्या नावावर जाऊन ‘सजेस्ट ॲन एडिट’. दुरुस्ती मान्य व्हायला कधी एक दिवस लागतो, कधी कळतच नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलंत तर स्वतःच बदलता येतं, आणि मराठी, गुजराती, इंग्रजी अशा नावांसाठी तिथे वेगवेगळे रकाने आहेत. गुजराती नाव पुसून मराठी लिहू नका, दोन्ही आपापल्या रकान्यात भरा. नाव पाटीवरून किंवा तिथल्या रहिवाशांकडून घेतलेलं हवं, दुसऱ्या नकाशावरून उतरवलेलं तिथे चालत नाही.